रिकी मार्टिन एका गाण्यात स्टार झाला नाही हो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बॉय बँडवर आलेला लेख वाचला. लेख छान आहे, बीटीएस या कोरियन बँडची माहिती भरपूर दिलीये, आमच्या घरी तर त्याचं कात्रणसुद्धा कापून ठेवलंय. पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय. एक, लहान पोरं निवडायची, त्यांना नाचगाणं शिकवायचं आणि बँड म्हणून विकायचं हे कोरियाने शोधून काढलं असं तुमचे लेखक म्हणतात. दुसरं, जाता जाता एका ओळीत रिकी मार्टिन या पॉप गायकाला उरकलाय, 'एका गाण्याने रातोरात स्टार झाला' म्हणून. रातोरात? अहो ती रात्र पंधरा वर्षांची होती.

आधी पहिला मुद्दा. पोर्तो रिको नावाचं कॅरिबियन बेट आहे, अमेरिकेच्या ताब्यातलं, बोलतात स्पॅनिश. तिथे 1977 साली एडगार्डो डियाझ नावाच्या मॅनेजरने मेनुडो हा पोरांचा बँड काढला, म्हणजे बीटीएसचे मेंबर जन्मायच्याही पंधरा-वीस वर्षं आधी. नियम काय, तर पोरगा साधारण सोळाचा झाला, आवाज फुटला, मिसरूड आली की बाहेर, आणि त्याच्या जागी नवा छोटा पोरगा. बँडचं नाव तेच, कपडे तेच, गाणी तीच, फक्त चेहरे बदलत राहायचे, आणि असे तीसच्या वर चेहरे बदलले. एसटीचा ड्रायव्हर बदलतो पण बोर्ड तोच राहतो ना, तसं.

तर एन्रीके मार्टिन मोरालेस, म्हणजे आपला रिकी, जन्म 24 डिसेंबर 1971, सान हुआनचा. आईवडील तो दोन वर्षांचा असतानाच वेगळे झालेले. मेनुडोच्या ऑडिशनला गेला तर उंची कमी म्हणून परत पाठवला, तरी परत परत गेला, शेवटी 1984 मध्ये घेतला, बारा वर्षांचा असताना. गंमत म्हणजे ज्याच्या जागी घेतला त्याचंही नाव रिकीच, रिकी मेलेंडेझ, पहिल्या टीममधला शेवटचा उरलेला. मग पाच वर्षं विमानं, हॉटेलं, स्टेडियम, केस कसे कापायचे आणि कुठे हसायचं ते दुसरे ठरवणार. घरी आईवडिलांची त्याच्यावरून ओढाताण झाली आणि वडिलांशी बोलणं बरीच वर्षं बंद पडलं, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. बँडमधल्या इतर काही मुलांनीही मोठेपणी तिथल्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रारी केल्या, त्यामुळे 'बालपणीच केवढं यश' वगैरे म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही.

1989 ला तो बाहेर पडला, वय सतरा. आणि इथून पुढची दहा वर्षं तुमच्या लेखात (तुमच्याच कशाला, सगळ्यांच्याच लेखात) गायब असतात. माझं म्हणणं हेच आहे की रिकी मार्टिन बनला तो या दहा वर्षांत. आधी न्यूयॉर्कला काही महिने नुसता बसून राहिला. मग मेक्सिकोत नाटक, तिथल्या टीव्ही सिरीयलमध्ये काम, 1991 ला पहिला सोलो अल्बम, 93 ला दुसरा, दोन्ही स्पॅनिशमध्ये, अमेरिकेतल्या इंग्रजी गाणी ऐकणाऱ्या पब्लिकला पत्ताही नाही. 1994 पासून 'जनरल हॉस्पिटल' या अमेरिकन सिरीयलमध्ये लांब केसांचा बारटेंडर, तोही पोर्तो रिकोचाच. 1996 ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या नाट्यगृहांत, 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकात मारियसचा रोल. आता सांगा, स्टेडियममध्ये पोरी ज्याच्या नावाने किंचाळायच्या त्याने रोज संध्याकाळी थिएटरात जाऊन दुसऱ्यांनी बसवलेल्या नाटकात आपला रोल करायचा, याला किती जण तयार होतील? बरेच माजी बॉय बँडवाले तिथेच अडकतात, जुनीच गाणी घेऊन फिरत बसतात.

1995 च्या अल्बममधलं 'मारिया' युरोपात धो धो चाललं. मग 1998 चा वर्ल्ड कप फ्रान्समध्ये होता त्याचं गाणं मिळालं, 'गो गो गो, आले आले आले', ते आपल्याकडे केबलवर इतकं वाजलं की फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेली पोरंपण गल्लीत ओरडत फिरायची, आणि आम्ही 'ओले ओले' म्हणायचो ते वेगळंच. फेब्रुवारी 1999 मध्ये ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या स्टेजवर हेच गाणं त्याने ट्रम्पेट ढोलांसकट असं काही सादर केलं की समोरचे सगळे उभे राहिले. त्यानंतर मे महिन्यात त्याचं 'लिव्हिन ला विदा लोका' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत नंबर एक, पाच आठवडे. लोकांनी फक्त हा मे महिना पाहिला.

आणि या गाण्याचा एक निर्माता आणि सहलेखक कोण माहितीये का, रोबी रोसा, मेनुडोतलाच जुना मेंबर! दोघंही त्याच कारखान्यातून निघालेले, एक पुढे उभा राहिला आणि एक मागे. मला तर त्या गाण्यापेक्षा ही गोष्ट जास्त आवडते.

पुढचं थोडक्यात सांगतो. 2000 साली टीव्हीवर मुलाखत घेताना बार्बरा वॉल्टर्सने तो गे आहे की नाही यावरून त्याला अक्षरशः कोपऱ्यात घेतलं, नंतर तिनेच तो प्रश्न विचारायला नको होता असं कबूल केलं. त्याने स्वतः जाहीर सांगितलं ते थेट मार्च 2010 मध्ये, तोवर त्याची जुळी मुलं दोन वर्षांची होत आली होती. पोरींची स्वप्नं विकायला ज्याला बाराव्या वर्षी उभा केला त्याला हे बोलायला अडतिसावं वर्ष उजाडावं लागलं, यात त्या धंद्याचा वाटा नाही असं कोणी म्हणू नये. 2019 मध्ये पोर्तो रिकोच्या गव्हर्नरचे खासगी चॅट फुटले, त्यात याच्यावरही घाणेरडे शेरे होते, तेव्हा हा माणूस सान हुआनच्या रस्त्यावर लोकांबरोबर उतरला आणि गव्हर्नरला राजीनामा द्यावा लागला.

आपल्याशी संबंध म्हणाल तर कोलकात्याला आला असताना रस्त्यावरच्या तीन मुलींना देहविक्रीत जाण्यापासून वाचवायला त्याने मदत केली आणि तिथून मुलांच्या तस्करीविरुद्धचं त्याच्या फाउंडेशनचं काम सुरू झालं, 2006 ला अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन तो यावर बोललाही.

एक मात्र कबूल करतो, मेनुडोचा तो सोळा वर्षांचा नियम क्रूर असला तरी पोरगा सतराव्या वर्षी मोकळा झाला, पुढे काय करायचं ते शोधायला सगळं आयुष्य पडलेलं. कोरियात तर कितीतरी वर्षं आधी ट्रेनी म्हणून घासायचं आणि वर सात वर्षांचं काँट्रॅक्ट, सुटेपर्यंत पंचविशी उलटते. कुठलं बरं यावर आमच्या घरी जेवताना वाद चालू आहे आणि मी एकटा पडलोय.

तेव्हा पुढच्या रविवारी जागा असेल तर मेनुडोतल्या त्या बाकीच्या पोरांवर लिहायला लावा कुणाला तरी, रोबी रोसापासून सुरुवात करा म्हणावं.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली