बंबावरच्या त्या दादांना

परवा इचलकरंजीत एका प्रोसेसला, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला, ५० टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅन घेऊन चाललो होतो. टेम्पो खड्ड्यात आदळला, एक कॅन फुटला. कॅन हलू नयेत म्हणून खाली पेंढा अंथरलेला, ती माझीच अक्कल. थोड्याच वेळात पेंढ्यातून धूर निघायला लागला. बंब आला तेव्हा समोरच्या वखारीतला एक पोरगा भुशाची पाटी ओतणारच होता. तुम्ही गाडीतूनच ओरडलात, "भुसा नको! त्यानंच पेटंल!" टेम्पोवरचं ५.१ चं, म्हणजे आग भडकवणाऱ्या रसायनाचं, पिवळं लेबल तुम्ही लांबूनच वाचलं होतं. मग नुसतं पाणी, भरपूर. हे रसायन आगीला स्वतःच ऑक्सिजन पुरवतं, माती टाकून गुदमरत नाही, हे तुम्हीच नंतर समजावलंत.

माझी बोटं पांढरीफट्ट पडून चुरचुरत होती. मी फडक्याला पुसायला गेलो, तर तुम्ही ते हिसकावून घेतलंत, माझे हात वखारीच्या नळाखाली धरलेत आणि घड्याळात बघत वीस मिनिटं सोडले नाहीत. नंतर मला कप धरवेना, तर चहाही तुम्हीच पाजलात, बशीत ओतून, फुंकर मारून.

नाव विचारायचं राहूनच गेलं. दादा, हात बरे आहेत. मनापासून आभार. पेंढा त्याच दिवशी काढून टाकला.