बक्षीसपत्रावर मी सही करणार नाही

बार्शी
रविवार, दुपार

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसतं हं हं करत होते. तुला वाटलं असेल, आई रागावली. रागावले नव्हते. कर्जाचा आकडा ऐकून पोटात गोळा आला हे खरं, पण माझी वाचा बसली ती तुझ्या शेवटच्या वाक्याने. एका वकिलाला भेटलास आणि तो म्हणाला, आधी बार्शीचा प्लॉट बक्षीसपत्राने आईच्या नावावर करू, मग नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत उरली नाही असा, अर्ज टाकू. फोनवर मला हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

त्या बक्षीसपत्रावर मी सही करणार नाही. आणि त्या माणसाच्या वकीलपत्रावर तूही करू नकोस.

मी 31 वर्षं कोर्टात कारकुनी केली. दिवाणी टेबलावर नादारीचे अर्ज फार येत नसत, वर्षाकाठी मोजके. पण जे आले त्यांचे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदी, मी लिहिलेत आणि त्यांच्या कागदांना निशाण्यांचे क्रमांक मी लावलेत. 1920 चा प्रांतिक नादारी कायदा अजून लागू आहे. इतका जुना की अर्ज करायला किमान कर्ज लागतं ते 500 रुपये. त्याच्या 53व्या कलमात म्हटलंय की दान म्हणून दिलेली मालमत्ता, दिल्यापासून 2 वर्षांच्या आत आलेल्या अर्जावर माणूस नादार ठरला, तर कोर्ट ते देणं रद्द करू शकतं. म्हणजे प्लॉट माझ्या नावावर राहणार नाही तो नाहीच, वर धनकोंना फसवायला मालमत्ता लपवली म्हणून तुझ्यावर खटला उभा राहील. त्याला 1 वर्षापर्यंत कैद आहे. ज्या वकिलाने पहिल्याच भेटीत तुला ही वाट दाखवली, त्याला एकतर कायदा ठाऊक नाही, नाहीतर ठाऊक असून तुझी काळजी नाही. तो प्लॉट तुझ्या वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतला होता. नादाराची मालमत्ता सांभाळायला कोर्ट जो रिसीव्हर नेमतं, त्याने तो विकला तरी चालेल मला. त्यांच्या नावाला खोटेपणा चिकटलेला चालणार नाही.

आता चांगला वकील कसा शोधायचा ते सांगते.

तुझा मित्र मुंबईच्या मोठ्या फर्मचं नाव सुचवतोय. ती फर्म चांगलीच असेल, पण मुंबई शहराला नादारीचा कायदाच वेगळा आहे, 1909 चा. तिथे अर्ज हायकोर्टात जातो आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. तू सोलापुरात राहतोस, तुझे कापडाचे माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. माणूस जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्याच कोर्टात अर्ज करायचा असतो, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात. मुंबईचा वकील प्रत्येक तारखेला येणार नाही, कुणातरी ज्युनिअरला उभं करेल, आणि त्या ज्युनिअरने तुझी फाइल आदल्या रात्री उघडलेली असेल. मला रोज त्याच आवारात वावरणारा माणूस हवा. कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या नाझराकडे जप्तीचं वॉरंट निघालं की त्याच दिवशी ज्याला कळतं असा. हायकोर्टापर्यंत जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झालंय, सोलापूर त्याच्याच हद्दीत येतं.

इंटरनेटवर तारे बघून वकील निवडू नकोस. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलने मनाई केली आहे, संकेतस्थळावरसुद्धा नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी मोजकीच माहिती देता येते. त्यामुळे ‘शंभर टक्के कर्जमुक्ती’ असं जो छापतो, तो नियम मोडूनच छापतो. त्याऐवजी ई-कोर्ट्सच्या ॲपवर वकिलाच्या नावाने शोध. सोलापुरात त्याची कोणती प्रकरणं चालू आहेत ते दिसेल. एखादं दिवाणी प्रकरण उघडून तारखा बघ. दर वेळी पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज असेल तर समजून घे. मग एक दिवस कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. कुणी अडवत नाही. पुकारा झाल्यावर तो स्वतः उभा राहतो का, आणि बाहेर आल्यावर पक्षकाराशी कसा बोलतो, ते बघ. तुझ्या सीएलाही विचार, पण एकट्या त्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

माझ्या ओळखीच्या 2 वकिलांची नावं मी फोनवर सांगेन. माझ्या ओळखीचे म्हणून घेऊ नकोस. त्यांनाही हेच प्रश्न विचार.

पहिला प्रश्न असा विचार: माझा अर्ज कोणत्या कायद्याखाली आणि कोणत्या कोर्टात जाईल? तुझा धंदा एकट्याच्या नावावर आहे, कंपनी नाही. कुणी 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता आणि एनसीएलटी, म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण, असं झोकात बोलू लागला, तर उठून ये. त्या संहितेतला सामान्य व्यक्तींसाठीचा भाग अजून अमलात आणलेला नाही. फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी तो 1 डिसेंबर 2019 पासून लागू आहे. खरा जाणकार उलट तुलाच विचारेल, कुठल्या कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलायस का? राहिला असशील तर आत्ताच सांग, मला नाही सांगितलंस तरी त्याला सांग.

दुसरं, त्याने वह्या मागितल्या पाहिजेत. कीर्द, खतावणी, जीएसटीची विवरणपत्रं, पासबुकं. मागच्या 3 वर्षांचे हिशेब नीट ठेवलेले नसतील तर पुढे कर्जातून मुक्तता मिळताना ते आडवं येतं, आणि रुपयाला आठ आणेसुद्धा फिटत नसतील तर तसं का झालं हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं. माग का बंद पडले, कोणत्या महिन्यात कोणत्या व्यापाऱ्याचं येणं बुडालं, हे तुझ्या वह्याच सांगणार. जो वकील वही न बघता फीवर येतो, त्याच्याकडे तू कशाला थांबायचं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नादारीने काय सुटत नाही हे त्याने न विचारता सांगितलं पाहिजे. घर बँकेकडे गहाण आहे. गहाणदाराचा हक्क नादारीने जात नाही. बँकेने सरफेसी कायद्याची, म्हणजे गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांची नोटीस दिली असेल तर ती वेगळी लढाई आहे. ताबा घ्यायला पाऊल उचललं गेलं तर 45 दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. तो स्वतः पुण्याला जातो का, का तिथे दुसरा वकील लागेल, ते आधीच ठरव. जीएसटीची थकबाकी सरकारी देणं आहे, मुक्तता मिळाली तरी ती राहते. सूतवाल्याला दिलेले चेक वटले नाहीत, तर त्याचं 138व्या कलमाचं प्रकरण फौजदारी आहे. नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्या नोटिसा पाकीट न फोडता ठेवल्या असशील तर आज फोड. पतसंस्थेला मामा जामीन आहे. तू सुटलास तरी मामा सुटत नाही. ही गोष्ट मामाला तूच जाऊन सांगायची, पतसंस्थेच्या नोटिशीतून त्याला कळता कामा नये.

मेहुण्याचे हातउसने आधी फेडून टाकतो म्हणालास. तुझा जीव तुटतो ते मला समजतं. पण अर्जाआधीच्या 3 महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन पैसे दिलेस तर तेही रद्द होऊ शकतं, आणि रिसीव्हर ते त्याच्याकडून परत मागेल. त्याला या भानगडीत ओढू नकोस. वकिलाला विचारल्याशिवाय कुणालाच काही देऊ नकोस.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते, कारण ती माझ्या मनातून जात नाही. एका तालुक्याच्या कोर्टात होते तेव्हा एक भांड्यांचा दुकानदार नादार ठरला. सरळ माणूस. हुकूम झाला त्या दिवशी त्याने कोर्टाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला. त्याला वाटलं, संपलं. संपलेलं नव्हतं. नादार ठरवताना कोर्ट एक मुदत देतं, तेवढ्यात मुक्ततेचा वेगळा अर्ज करायचा असतो. त्याच्या वकिलाने हे सांगितलंच नाही, की सांगितलं आणि याला कळलं नाही, देव जाणे. वकिलाची फी हुकुमापर्यंतचीच ठरली होती. मुदत गेली, नादारीचा हुकूम रद्द झाला आणि सावकार पुन्हा दारात आले. तो रोजनामा मी लिहिला होता. कारकुनाने पक्षकाराला सल्ला द्यायचा नसतो, म्हणून मी आधी बोलले नाही, आणि ते मला आजही खुपतं. तेव्हा वकिलाला स्पष्ट विचार: मुक्ततेचा अर्ज निकाली निघेपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर आहात ना? फी त्या टोकापर्यंतची ठरव. ती टप्प्याटप्प्याने द्यायची, आणि प्रत्येक वेळी पावती घ्यायची. कर्ज वाचेल त्याच्या अमुक टक्के असं कुणी म्हणाला तर नाही म्हण, निकालावर अवलंबून फी घ्यायला वकिलांना बंदी आहे. कोर्ट फी, टायपिंग, नोटिशीचं प्रसिद्धीकरण हे खर्च वेगळे, तेही लिहून घे. आणि मध्येच वकील बदलावा लागला तर फी थकली म्हणून तो तुझे कागद अडवून ठेवू शकत नाही, तसं सुप्रीम कोर्टाने 2000 साली सांगितलंय.

पैशाची अडचण असेल तर लाजू नकोस. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पतसंस्थेच्या कागदांवर सूनबाईची सही असेल तर तिने तिथे अर्ज करावा. 15100 वर फोन केला तरी माहिती देतात.

तो सावकार, ज्याचं नाव घ्यायचं तू टाळलंस, त्याच्याकडे परवाना आहे का? 2014 च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. तुझ्या वकिलाला हे माहीत हवं. आणि वसुलीवाले रात्री 9 ला फोन करतात म्हणालास. रिझर्व्ह बँकेने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला मनाई केलेली आहे. वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेव. छकुलीच्या हातात मोबाइल देऊ नकोस सध्या.

तुरुंगाची भीती तू बोलून दाखवली नाहीस, पण तुझ्या आवाजात ती होती. खरोखर देण्याची ऐपत नाही म्हणून दिवाणी कर्जापोटी माणसाला आत टाकता येत नाही. 1980 साली सुप्रीम कोर्टाने जॉली जॉर्ज वर्गीसच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. असून देत नाही तो वेगळा, नसून देता येत नाही तो वेगळा. तू दुसऱ्यातला आहेस, आणि पहिल्यातला वाटू नयेस म्हणूनच ते बक्षीसपत्र नको. शिवाय अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, हे काही जप्त होत नाही. रिसीव्हर येऊन तव्याला हात लावणार नाही.

मात्र अर्ज टाकला की सगळं आपोआप थांबतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. नादार ठरवल्याचा हुकूम झाल्यावर कोर्टाच्या परवानगीशिवाय धनकोंना नवा दावा आणता येत नाही किंवा तुझ्या मालमत्तेवर हात टाकता येत नाही. त्याआधीच्या दिवसांत संरक्षण कसं मागायचं, वसुलीच्या चालू दरखास्तींत काय करायचं, याचं उत्तर वकिलाकडून नीट समजून घे. तुझं नाव राजपत्रात छापलं जाईल, लोक वाचतील. वाचू देत. मी सगळ्यांना सांगेन की माझ्या मुलाने वह्या उघड्या ठेवल्या.

आणि चांगला वकील कदाचित अर्जच करू नका असं म्हणेल. बँकेशी एकरकमी तडजोड बोलू, सूतवाल्याला हप्ते देऊ, पतसंस्थेचं लोक अदालतीत मिटवू. असं म्हणून स्वतःची फी सोडणारा भेटला तर त्याचं म्हणणं पूर्ण ऐक.

बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी सोलापूरला येते. दोन्ही वकिलांकडे आपण बरोबर जाऊ. बोलायचं तूच, मी नुसती बसेन. कागद एका पिशवीत भरून ठेव, पाकिटं फोडून. त्या सावकाराच्या चिठ्ठ्यासुद्धा. आणि रात्री जेवत जा, सूनबाई सांगत होती.

तुझी
आई