झाडाला देव न मानणाऱ्याचे खुले पत्र

मा. पर्यावरण मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

कोल्हापुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीने दफनभूमीमागील ओढ्याच्या काठी लावलेली जांभूळ, करंज आणि बहाव्याची झाडे गेल्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी जेसीबी लावून मुळासकट उपटली. संरक्षक भिंत बांधताना काठाला हात लावणार नाही, असा शब्द एका जबाबदार अधिकाऱ्यांनी पाळकसाहेबांसमक्ष दिला होता. झाडे आणि शब्द एकाच ट्रॉलीतून गेले.

जाब विचारायला गेलो तेव्हा त्या कार्यालयात मला ऐकवण्यात आले, ‘तुमच्यात झाडाला कुठे देव मानतात? मग एवढे मनाला कशाला लावून घेता?’

महोदय, खरे आहे, आम्ही वडाला दोरा गुंडाळत नाही. पण पृथ्वी परमेश्वराची आहे, असे बायबलमधील चोविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत आम्ही वाचतो. आणि दुसऱ्याच्या मालाची राखण मालकापेक्षाही जास्त जपून करावी लागते, हे उसाच्या फडात रात्र काढलेल्या कोणालाही विचारावे. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. शत्रूच्या नगराला वेढा घातलेला असतानाही फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बजावलेले आहे. आमच्या ओढ्याला तर कोणी वेढाही घातला नव्हता, आणि जांभूळ हे फळझाडच आहे. निसर्गाच्या ऱ्हासाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, असा आरोप लिन व्हाइट या अमेरिकी इतिहासकाराने 1967 साली केला होता; त्याला शब्दांऐवजी हातांनी उत्तर द्यावे म्हणून तर आमच्या तरुण संघाने फावडी उचलली होती.

त्यांतील एक जांभूळ माझ्या दिवंगत पत्नीच्या कबरीवर सावली धरत होते. उन्हाळाभर मी त्याला बादलीने पाणी घातले, तेही गुडघे साथ देत नसताना आणि दम्याचा पंप खिशात ठेवून. आता तेथे मुरूम पडला आहे, आणि त्याची धूळ छातीत जाते ती माझ्याच. ऑगस्ट 2019 च्या महापुरात, 43 फूट ही धोक्याची पातळी असलेल्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा माझ्या घरात गाळ शिरला होता. भिजलेले पवित्र शास्त्र पानापानाने वाळवत बसलो होतो. पंचनामा करणारे मात्र पंखा आणि फ्रिजपलीकडे काही लिहून घ्यायला तयार नव्हते.

पण माझे दुःख बाजूला ठेवले, तरी या नदीच्या खोऱ्यात शासन नेमके काय राखते, हा प्रश्न उरतोच. जल प्रदूषणाचा कायदा 1974 चा, शहरातील झाडांचा 1975 चा. त्यांची पन्नाशी उलटली, तरी कोल्हापूर शहरातील जयंती नाल्याचे मैलायुक्त पाणी पंचगंगेत मिसळल्याच्या बातम्या थांबत नाहीत. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीने माणसे दगावली, तेव्हाही बैठका झाल्याच. राधानगरी धरणाचा संकल्प करणाऱ्या राजर्षी शाहूंचे नाव प्रत्येक भाषणात घेतले जाते, आणि भाषण संपताच व्यासपीठामागे पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांचा ढीग उरतो. 5 जूनला रोप लावताना छायाचित्र निघते. त्या रोपाचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणताच छायाचित्रकार फिरकत नाही. अर्थात, वाळलेल्या काडीसोबत उभे राहण्यास कोणते लोकप्रतिनिधी तयार होतील?

कायद्यानुसार झाड तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि हरकतींसाठी झाडावर नोटीस लावावी लागते. आमच्या एकाही झाडावर आम्ही नोटीस पाहिली नाही. परवानगी कोणी व कोणत्या तारखेला दिली, हे मला लेखी हवे आहे, आणि त्याच काठावर याच जातींची झाडे पुन्हा लावून ती जगवण्याची जबाबदारी नावानिशी निश्चित व्हावी. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवेने देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाचा पिच्छा न्याय मिळेपर्यंत सोडला नाही. आमच्या मंडळीत तो अध्याय वारंवार वाचला जातो, एवढे आपल्या माहितीसाठी.

परवानगीची प्रत दप्तरी आढळत नसल्यास तसेही लेखी कळवावे. ते पत्र आम्ही चर्चच्या सूचना फलकावर लावू.

आपला,
एक ख्रिस्ती नागरिक, कोल्हापूर