तू फोन ठेवलास त्यानंतर

प्रिय मनू,

परवा मी किती बारीक झालीस गं म्हटलं आणि तू फोन ठेवून दिलास. चूक माझीच, पाच मिनिटांत तीनदा तेच विचारलं. आज वजनाबद्दल एक शब्द लिहायचा नाही असं ठरवून बसलोय.

तू रागात म्हणालीस ना, बाबा मी कशावर काम करते ते तरी माहितीये का, म्हणून दोन दिवस दुकानात बसून मोबाईलवर तेच वाचलं. लेप्टॉन, म्हणजे अणूहून लहान कणांचं एक घराणं. ग्रीकमधे लेप्टॉस म्हणजे बारीक, नाजूक. १९४८ मधे रोझेनफेल्ड नावाच्या शास्त्रज्ञांनी हे नाव वापरलं तेव्हा ते इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोसाठी होतं, म्युऑन नंतर त्या घराण्यात आला, तो इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असला तरी प्रोटॉनच्या नवव्या हिश्श्याएवढाच, म्हणून सगळे हलक्यात धरले. आणि ग्रीसमधे लेप्टॉन नावाचं छोटं नाणं पण होतं, शंभर लेप्टांचा एक द्राक्मा, म्हणजे आपला पैसा आणि रुपया! दुकानदाराच्या कामाचं काहीतरी सापडलं, फार बरं वाटलं.

मग तुझा टाऊ, त्याच घराण्यातला कण. १९७५ साली कॅलिफोर्नियात मार्टिन पर्ल यांच्या टीमला सापडला आणि वजन प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट. बारीकांच्या घरात हा असा, तरी त्याला कुणी बाहेर काढलं नाही, कारण प्रोटॉन-न्यूट्रॉनला बांधून ठेवणारं ते तगडं बल लेप्टॉनवर चालत नाही, खरी ओळख ती, वजन नाही. तू हेच सांगत होतीस ना मला? मी ऐकून घेतलं नाही.

काल अण्णांना अर्धा तास हे सगळं सांगितलं, माझी मुलगी जपानमधे त्सुकुबाला टाऊवर काम करते म्हणून. अण्णा चहा प्यायचा विसरले.

पण मनू, रात्री जागून काम केलंस तरी जेवून घे गं. नुसत्या नूडल्सवर दिवस काढायचे नाहीत, वरणभाताचा कुकर लावायला वीस मिनिटं लागतात, आणि आत्ता तब्येतीकडे बघितलं नाही तर पुढे… बघ, सुरू झालो. सॉरी.

काय झालं, त्या टाऊचं आयुष्य वाचलं. सेकंदाचे लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एकाचा तिसरा हिस्सापण नाही, मागे काय उरलं त्यावरूनच कळतं की तो होता. मोबाईल बाजूला ठेवला मी.

तू १ किलो ९०० ग्रॅमची होतीस. दर रविवारी दुकान उघडायच्या आधी गुळाच्या काट्यावर आईची साडी अंथरून तुला तोलायचो, आई वहीत लिहायची, ५० ग्रॅम वाढले तरी अख्ख्या गल्लीला पेढे. ती वही गल्ल्यात आहे अजून. शेवटच्या वर्षी तिने स्वतःचा आकडा मात्र मला एकदाही सांगितला नाही, विचारलं की म्हणायची ठीक आहे हो, तुम्ही गिऱ्हाईक बघा. आणि मी गिऱ्हाईक बघत राहिलो.

मावशीने मेतकूट आणि डिंकाचे लाडू केलेत, सोमवारी पार्सल टाकतो. रागावू नकोस, पण तिथे कुठे काटा असेल तर एकदा उभी राहा आणि फक्त आकडा पाठव. मी काही बोलणार नाही, वहीत लिहून ठेवीन.

तुझा,
बाबा