आठवड्याला एक अक्षर, पण मराठीच्या चालीने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेत जाण्याआधीच्या वयातील मुलांना घरीच शिकवण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. दर आठवड्याला एक अक्षर घ्यावे आणि गोष्ट, चित्र, खेळ, खाऊ असे सारे त्या अक्षराभोवती गुंफावे, ही त्यात सुचवलेली पद्धत मी गेले आठ महिने माझ्या चार वर्षांच्या नातीबरोबर करून पाहत आहे. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त बंगळुरूला असतात व मीही आता त्यांच्याकडेच राहते. नातीच्या कानावर मराठी पडते ती फक्त घरात, आणि दुकानांच्या पाट्यांवर तर तिला मराठी अक्षर दिसतच नाही. त्यामुळे ही पद्धत मला मनापासून आवडली. तीस वर्षे बालवाडीत शिकवल्यानंतरही मला तिच्यातून नवे काही मिळाले. मात्र इंग्रजी मुळाक्षरांसाठी घडलेला साचा जसाच्या तसा मराठीवर बसवला, तर मूल अडखळते, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे.

शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत आणि वर्षाचे आठवडेही बावन्नच, त्यामुळे हिशेब आयताच जुळल्यासारखा वाटतो. पण 'अ'पासून ओळीने निघालो, तर १४ स्वर आणि अं, अः यांतच जवळजवळ चार महिने जातात. तेवढ्या काळात मुलाला वाचता येण्यासारखा ओळखीचा शब्द म्हणजे 'आई'. तो फार मोलाचा शब्द आहे हे खरे, पण त्यानंतर ऋषी कधीही न पाहिलेल्या मुलापुढे आठवडाभर 'ऋ' मांडून बसण्यात काय हशील? वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवरून लावलेला आहे. तो अतिशय शास्त्रशुद्ध आहे आणि पुढे मुलांना पाठही यावा, परंतु वाचनाच्या सुरुवातीसाठी तो केलेला नाही. आपल्या जुन्या शिक्षकांनी म्हणूनच वळणाने सोपी आणि एकमेकांशी मिळतीजुळती अशी ग, म, भ, न ही अक्षरे आधी घेतली. आम्हीही तीच घेतली. चार आठवड्यांत मन, मग, नभ, गगन हे शब्द झाले. पाचव्या आठवड्यात नवे अक्षर न घेता केवळ काना घेतला आणि त्या शनिवारी तिच्या मामाचा साताऱ्याहून फोन आला, तेव्हा तिने पडद्यासमोर पाटी धरून 'मामा' असे स्वतः वाचून दाखवले. त्यानंतर अक्षर शिकायला बसण्याची आठवण मला कधी करावी लागली नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. इंग्रजीत 'एक्स'सारखे एखादे अक्षर सोडले, तर प्रत्येक अक्षराने सुरू होणारी वस्तू सहज सापडते, त्यामुळे 'या अक्षरापासून काय काय?' हा खेळ आठवडाभर पुरतो. मराठीत 'ण' आणि 'ळ' शब्दाच्या आरंभी येतच नाहीत. आपण त्यांना 'बाणाचा' आणि 'बाळाचा' म्हणतो ते त्यामुळेच. मराठी म्हणून विकत घेतलेल्या एका तक्त्यावर या दोन्ही अक्षरांखालचे चौकोन रिकामे होते. त्याच तक्त्यावर 'अ'खाली डाळिंबाचे चित्र होते, कारण मूळ हिंदी तक्त्यातला 'अनार' कोणी बदललाच नव्हता. नातीने चित्रावर बोट ठेवून 'डाळिंब' म्हटले आणि मग 'अ' कुठे आहे म्हणून मला विचारले. ल आणि श यांची वळणेही हिंदीची होती. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपे असल्याचे शासननिर्णयांत स्पष्ट असताना, मुलाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येणारे अक्षरच परके असावे, याचे मला फार वाईट वाटते.

'ळ'च्या आठवड्यात आम्ही आरंभाचा आग्रह सोडला आणि शब्दाच्या पोटातला व शेवटचा 'ळ' शोधायला लागलो. ताटात रवा पसरून त्यात बोटाने 'ळ' काढला, कणकेची वळी करून तिची दोन वेटोळी जोडली. मग जेवताना डाळ, गूळ, पोळी, केळे अशी शोधाशोध सुरू झाली. शेजारच्या मुलांबरोबर खेळताना लागलेल्या सवयीने ती 'पोली' आणि 'केला' म्हणत असे. मी तिला एकदाही चुकीचे म्हटले नाही, फक्त तो आवाज काढताना जीभ कशी मागे वळते ते तिला आरशात पाहू दिले. गुरुवारपर्यंत ती आपण होऊन 'आजी, पोळी' म्हणू लागली. 'ण'साठी तर स्वयंपाकघर पुरून उरते: पाणी, लोणी, दाणे, चणे.

'च'च्या आठवड्यात आणखी सावध राहावे लागते. चाकातला च आणि चार या संख्येतला च लिहायला एक असले, तरी उच्चाराला वेगळे आहेत. हे दोन ढीग मुलाने कानाने वेगळे केले पाहिजेत, म्हणून तिथे मी दोन आठवडे घेतले. हातात पेन्सिल देण्याची घाई मात्र कुठेच करू नये. धूळपाटीवर बोटाने गिरवण्याची आपली जुनी रीत त्या वयाच्या बोटांना अधिक मानवते.

हे सारे करायला महागडे संच लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात आसपास मिळणाऱ्या बिया, पाने, शंख-शिंपले हेच साहित्य होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय पायाभूत मानून घरच्या भाषेवर भर दिला आहे.

आपणांस एक विनंती आहे. आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला एक अक्षर मराठी वळणात, हाताच्या तळव्याएवढे मोठे छापावे. सोबत ते अक्षर आरंभी, मध्ये आणि शेवटी येणारे घरगुती शब्द द्यावेत आणि सुरुवात 'ग'पासून करावी. परराज्यांत आणि परदेशांत मुलांना घरी मराठी शिकवणाऱ्या पालकांना ते पान कापून भिंतीवर लावता येईल. माझ्या वहीत अशा शब्दांच्या याद्या आठ महिन्यांत बऱ्याच जमल्या आहेत. उपयोग होणार असेल तर त्या स्वच्छ लिहून पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, बंगळुरू