टायरचा आकार छापता, ऑफसेटही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तरुणांनी हौसेनं सजवलेल्या गाड्यांचे पानभर फोटो आले. प्रत्येक फोटोखाली टायरचा आकार होता, चाकाचा ऑफसेट एकाहीखाली नव्हता. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीच्या मधल्या रेषेपासून ते जिथे हबला (चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागाला) टेकतं तिथपर्यंतचं अंतर. मी २२ वर्षं अन्नपूर्णा रोडवर व्हील अलाइनमेंटचं काम करतो. ही राहिलेली गोष्ट किती महागात पडते ते रोज बघतो, म्हणून लिहितोय.

श्रावणात माझा भाचा घरच्या चौघांना घेऊन ओंकारेश्वरला निघाला. छोटी हॅचबॅक, मूळचे १८५/६५ आर १५ टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी) काढून नवे २०५/५५ आर १६ घातलेले. उंचीत जेमतेम १० मिलिमीटरचा फरक, तो चालतो. पण भेरूघाटाच्या वळणांवर मागून खरखर सुरू झाली. परत आल्यावर गाडी माझ्या रॅम्पवर चढवली. मागच्या उजव्या टायरच्या खांद्यावरून बोट फिरवलं, तर रबर रंध्यानं तासल्यासारखं सपाट, एका जागी आतला दोरा दिसत होता. आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीच्या, काठाचा रंग घासून पत्रा उघडा पडलेला.

"मामा, दुकानाबाहेर चालवून बघितली होती की," तो म्हणाला. बघितली होती, एकट्यानं. रिकाम्या गाडीत टायर घासत नाही. मागे तिघं बसले, डिकीत सामान भरलं की स्प्रिंग दबते आणि आर्च टायरवर येतो.

मूळ चाक साडेपाच इंची, ईटी ४५ (ईटी म्हणजे मिलिमीटरमधला ऑफसेट; तो जितका कमी, तितकं चाक बाहेर). नवं सात इंची, ईटी ३५. वाढलेल्या दीड इंचातला अर्धा भाग बाहेर, म्हणजे १९ मिलिमीटर. त्यात ऑफसेट कमी झाल्याचे १०. बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली! स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घातला तर आणखी. चाक जितकं बाहेर, तितका हबच्या बेअरिंगवर ताण जास्त, आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देतं.

रुंद टायरला माझा विरोध नाही. कोरड्या रस्त्यावर वळणात गाडी पक्की बसते, हे मीही अनुभवलंय. मात्र साचलेल्या पाण्यात तोच टायर अरुंद टायरच्या आधी तरंगू लागतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं. भाच्याला शेवटी सहा इंची, ईटी ४५ चाकांवर १९५/६०चे टायर घालून दिले. कड फक्त सहा मिलिमीटर बाहेर आली. पाच माणसं बसवून तपासलं, कुठे घासत नाही.

आपल्या पुरवणीला विनंती, आकारासोबत चाकाची रुंदी आणि ईटीही छापा. दुकानदारांनी हे आकडे बिलावर लिहावेत, आणि गिऱ्हाइकानं पैसे देण्याआधी गाडी माणसांनी भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघावं.

तो तासलेला टायर मी दुकानात ठेवलाय. आपला छायाचित्रकार पाठवलात तर दाखवीन.

आपला,
एक अलाइनमेंटवाला, सुदामानगर, इंदूर