ऑफिसला सायकलने, तेही लांबच्या रस्त्याने

ॲमस्टलफेन (नेदरलँड्स), सप्टेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्यापासून ट्राम सोडून ऑफिसला सायकलने जाणार म्हटल्यावर आई, तुझा चेहरा पडला ते कॉलवर दिसलं. बाबांनी मात्र लगेच दोन प्रश्न टाकले, रस्ता कुठला आणि सायकल कुठली. तुझ्या काळजीचं उत्तरही त्या दोन प्रश्नांतच आहे. फोनवर ते धड सांगून होत नाही, म्हणून लिहितेय.

सायकल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जुना मुंबई-पुणे रस्ता येणार. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून पिंपरीला जायचं, कोपराला घासून एसटी जायची, ट्रकचा भोंगा थेट कानात. इथे तसं नाही. मोठ्या रस्त्याला सायकलचा वेगळा तांबडा पट्टा असतो, मध्ये बहुतेक ठिकाणी गवत किंवा कठडा. हे काही आपोआप झालेलं नाही, बाबा. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं. मग आईबापच रस्त्यावर उतरले. त्यातच १९७३ साली तेलाचा तुटवडा आला आणि रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर हळूहळू हे रस्ते असे झाले.

आता माझा रस्ता. वेस्टविकमधल्या घरापासून ॲमस्टरडॅमच्या झाउड स्टेशनाशेजारच्या ऑफिसपर्यंत सात-आठ किलोमीटर. जायला तीन वाटा आहेत.

सरळ आणि जवळची वाट बेनेलुक्सबान या मोठ्या रस्त्याच्या कडेने. मधून ट्राम धावते, बाजूने मोटारी. पण चौक मोठे, सिग्नल लांब, आणि वळणाऱ्या गाड्या दोन्हीकडून. दुसरी वाट ॲमस्टरडॅमसे बोसमधून. हे जंगल माणसांनी लावलेलं आहे बरं का! १९३४ पासून मंदीतल्या बेकारांना काम म्हणून हे खोदाई-लागवडीचं काम दिलं होतं. उन्हाळ्यात दहा वाजेपर्यंत उजेड असतो, तेव्हा या वाटेइतकं सुख नाही. पण डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे मी जाताना अंधार आणि येतानाही अंधार, आणि झाडीत चिटपाखरू नाही. तिथे गुन्हे होतात असं मला कुणी सांगितलेलं नाही, पण घसरून पडले तर उचलायला कुणी नसेल, एवढं कारण मला पुरतं.

म्हणून मी तिसरी निवडली. आधी वस्तीतले ताशी तीसच्या मर्यादेचे रस्ते, मग ॲमस्टरडॅमसेवेख, तीच पुढे ॲमस्टलफेनसेवेख होते, आणि विद्यापीठापाशी उजवीकडे वळलं की ऑफिस. किलोमीटरभर लांब पडते. पण घरं, शाळा, दुकानं, दिवे सगळं कडेला, आणि मुख्य म्हणजे डावी वळणं कमी. इथे वाहनं उजवीकडून चालतात ना, त्यामुळे डावीकडे वळताना समोरची वाहतूक आडवी येते, जसं आपल्याकडे उजवीकडे वळताना. मोठ्या चौकात मी मधूनच वळत नाही. आधी सरळ पलीकडे जाते, थांबते, मग दुसऱ्या सिग्नलला डावीकडे. शेजारून शाळकरी पोरं भुर्रकन जातात, जाऊ देत.

रस्ता बघायला आधी रविवारी गेले, पण रविवारचा रस्ता खरं काही सांगत नाही. म्हणून सुट्टी घेऊन कामाच्या दिवशी सकाळी आठला गेले आणि अंधार पडल्यावर परत आले. तेव्हा कळलं की वस्तीतल्या गल्ल्यांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती मोटार असो की आठ वर्षांच्या मुलीची सायकल. जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं आपल्याकडे असतील, तर आपण थांबायचं. विद्यापीठाजवळ ट्रामचे रूळ लागतात. त्यांच्या खाचेत चाक अडकलं तर माणूस पडलाच, म्हणून ते काटकोनात ओलांडायचे.

खरं सांगू का, मोटारींपेक्षा मला इथल्या सायकलींचीच धास्ती जास्त वाटते. विजेवरच्या जाड टायरवाल्या सायकलींवर पोरं सुसाट येतात. हातात फोन धरून सायकल चालवायला २०१९ पासून बंदी आहे, तरी धरतात. मी आपली पट्ट्याच्या उजव्या कडेने जाते, वळायच्या आधी मागे बघते आणि हात दाखवते. अपघात झालाच तर मोटारवाला आणि सायकलवाला यांच्यात भरपाईचा भार कायद्याने मुख्यतः मोटारवाल्यावर येतो. त्यामुळे इथले मोटारवाले जरा जपून असतात. आई, हेल्मेट घेतलंय. साध्या सायकलला इथे सक्ती नाही आणि फारसं कुणी घालत नाही. ऑफिसमध्ये हसतील, हसू देत.

सायकल जुनी घेतली आहे, गॅझेल कंपनीची, आमच्या दोन गल्ल्या पलीकडच्या दुरुस्तीवाल्याकडून. विजेवरची पाहिली होती, पण चांगली म्हटली की दोन हजार युरोंच्या पुढे, उचलायला जड, आणि चोरांची आवडती. सपाट देशात आठ किलोमीटरला मोटर कशाला? वारा मात्र चढासारखा असतो, हे मान्य. समोरून आला की पस्तीस मिनिटांची पंचेचाळीस होतात. म्हणूनच गिअर हवे होते. सात आहेत, मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे मधल्या भागाच्या, आत. उभ्या उभ्याही बदलता येतात, सिग्नलला फार उपयोगी. साखळी पूर्ण बंद डब्यात, म्हणजे सलवारीला काळं लागत नाही आणि पावसाने गंजतही नाही. दांडा खाली, फ्रेम ४९ सेंटिमीटरची, त्यामुळे सीटवर बसूनही चवडे टेकतात. इथल्या बायका उंच, दुकानात उभ्या असलेल्या बहुतेक सायकलींवर मी लोंबकळलेच असते.

ब्रेकचा मात्र मी हट्ट धरला. इथल्या पुष्कळ सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. मला लहानपणापासून थांबल्यावर पेडल उलटं फिरवून पाय जागेवर आणायची सवय आहे, ती आता मोडणार नाही. म्हणून दोन्ही ब्रेक हातात असलेलीच घेतली. ते हबच्या आतले आहेत, भर पावसातही पकड सुटत नाही. बाबा, तुमचा डायनामो टायरवर घासून घरघरायचा आणि सायकल थांबली की दिवा विझायचा, आठवतं? माझा पुढच्या हबमध्येच बसवलेला आहे, आवाज नाही, आणि थांबल्यावरही दिवा थोडा वेळ जळत राहतो.

घेण्याआधी फ्रेमचा नंबर इथल्या वाहननोंदणी खात्याच्या साइटवर टाकून पाहिला. चोरीची म्हणून नोंद असेल तर तिथे कळतं. कुलपं दोन आहेत, एक मागच्या चाकाला बसवलेलं आणि दुसरी जाड साखळी, खांबाला बांधायला. साखळीचं वजन ऐकून बाबा हसतील.

ट्राम बंद म्हणजे कायमची नाही. हवामान खात्याने वादळाचा नारिंगी इशारा दिला किंवा रस्त्यावर बर्फ साचला तर मी २५ नंबरच्या ट्राममध्ये बसेन. हट्टाने सायकल काढणार नाही, हा शब्द.

डबा मागच्या पिशवीत आडवा होतो, तेव्हा आमटी बंद, कोरडी भाजी-पोळी चालू. पोचले की रोज मेसेज करीन. मी पावणेनऊला पोचते, तेव्हा तुमच्याकडे सव्वाबारा वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात, मग तुमचा सव्वा वाजेल. आई, त्या सोमवारी बारापासून फोन हातात धरून बसू नकोस.

तुमची,
धाकटी